एल्क आणि म्यूल डिअरची पहिली शिकार: बेत शेवटाकडून आखा

ह्यूस्टनहून एका वाचकाचा प्रश्न आला आहे. वय बेचाळीस, एच-वन बी व्हिसा, चार वर्षं टेक्ससमध्ये मचाणात बसून व्हाइटटेल हरीण आणि रानडुकराची शिकार केलेली. ते लिहितात: "पुढच्या ऑक्टोबरात एका मित्राबरोबर कोलोरॅडोत जायचं आहे. एल्क आणि म्यूल डिअर, दोन्हींचे टॅग काढायचे. सामान पाठीवर घेऊन आठ मैल आत चालत जायचं आणि बाकीचे शिकारी पोहोचत नाहीत तिथे तंबू टाकायचा. रायफल .३०८ आहे. युनिट कुठलं निवडू, आणि तयारीत काय सुटता कामा नये?"

नव्या वाचकांसाठी एवढंच: एल्क म्हणजे हरणकुळातलं थोराड जनावर, म्यूल डिअर म्हणजे त्याहून बरंच लहान हरीण, टॅग म्हणजे एक जनावर मारायचा परवाना आणि युनिट म्हणजे शिकारीसाठी आखलेला राज्याचा एक विभाग. युनिटचं नंतर बघू. आधी त्या आठ मैलांचा हिशेब मांडू.

आठ मैल म्हणजे तेरा किलोमीटर. मोठा नर एल्क जिवंत असताना तीनशे किलोच्या पुढे भरतो. सोलून, हाडं काढून त्याचं खाण्याजोगं मांस ऐंशी ते शंभर किलो निघतं. तुम्ही दोघं आहात. त्या उंचीवर, त्या उतारांवर, तीस किलोपेक्षा जास्त ओझं घेऊन चालायला मी कुणालाही सांगणार नाही. म्हणजे मांसासाठी प्रत्येकी दोन फेऱ्या आणि तंबू-सामानाची तिसरी. भरलेली सॅक घेऊन खाली, रिकामी घेऊन वर, पुन्हा भरून खाली, पुन्हा वर, मग तंबू घेऊन खाली. पाच वेळा तेरा, म्हणजे माणशी पासष्ट किलोमीटर, त्यातले एकोणचाळीस ओझ्याखाली. याला तीन दिवस तरी लागतील, आणि दुपारी ऊन तापलं तर मांस तेवढं थांबत नाही. हे फक्त एल्कचं झालं, हरणाचं अजून धरलेलंच नाही.

हाच हिशेब गाडीरस्त्यापासून दोन मैलांवर केला तर सगळं मिळून सोळा किलोमीटर होतं. दोन माणसांना ते एका लांब दिवसात जमतं. म्हणून माझं पहिलं सांगणं असं की बेत शेवटाकडून आखा. मांस फ्रीजरमध्ये कसं पोहोचणार हे आधी ठरवा, त्यावरून गाडीपासून किती लांब जायचं ते ठरवा, आणि मग त्या कक्षेत जनावर कुठे असेल ते शोधा. नवे लोक बरोब्बर उलट्या क्रमाने जातात. एल्क कुठे सापडेल याचा अभ्यास सहा महिने करतात आणि पडलेल्या एल्कसमोर संध्याकाळी पाच वाजता पहिल्यांदा विचार करायला लागतात.

हे मी पुस्तकातून शिकलेलो नाही. कोलोरॅडोच्या पश्चिम भागात राहून एल्कच्या मागे जायला लागून मला वीस वर्षं झाली. माझा पहिला नर साडेदहा हजार फुटांवर, दुपारी साडेचारच्या सुमाराला पडला. आम्ही दोघंच होतो. पोट साफ केलं, वरच्या अंगाची कातडी अर्धी सोडवली, अंधार पडला. रात्री पाणी गोठत होतं, त्यामुळे मांसाला धोका नाही असं आम्ही धरलं आणि तंबूकडे परतलो. दुसऱ्या दिवशी दुपारी मागची मांडी उघडली तर खुब्याच्या सांध्याजवळ मांस हिरवट पडलं होतं, वास येत होता. पंचवीस किलोच्या आसपास मांस टाकून द्यावं लागलं. त्या जनावराचं मला आजही वाईट वाटतं. एल्कची कातडी आणि मांडीचा गोळा इतका जाड असतो की बाहेर बर्फ असला तरी हाडाजवळची ऊब आत कोंडून राहते आणि मांस आतून नासत जातं. थंडी मांस टिकवते हे खरं, पण थंडीला आत शिरायला वाट करून द्यावी लागते.

म्हणून आता मी पोट न फोडता सोलण्याची पद्धत वापरतो आणि तुम्हीही तीच शिकून या. जनावर कुशीवर झोपवायचं. पाठीच्या कण्यावरून मानेपासून शेपटापर्यंत कातडी चिरायची आणि खाली पोटाकडे सोलत न्यायची. पुढचा खांदा सांध्यात जोडलेला नसतो, नुसत्या स्नायूंवर असतो, त्यामुळे पाय उचलून धरला की सुरीने सहज सुटतो. मागची मांडी खुब्याच्या वाटीपर्यंत कापत जायचं आणि सांध्यात सुरीचं टोक घालायचं. मग कण्यालगतची लांब पट्टी, मानेचं मांस, बरगड्यांमधलं मांस. शेवटी बरगड्यांच्या मागून हात घालून आतल्या बाजूचे दोन लुसलुशीत तुकडे. जनावर उलटवून दुसरी बाजू तशीच. प्रत्येक तुकडा हवा खेळेल अशा सुती पिशवीत घालून लगेच सावलीत फांदीला टांगायचा. प्लास्टिकच्या पिशवीत अजिबात नाही. दोन नवखी माणसं असतील तर या कामाला तीन-चार तास धरा. टेक्ससमध्ये रानडुकरं मारताच आहात, तर त्यांच्यावर ही पद्धत चार-पाचदा करून बघा, हात बसतो. पाती बदलता येणारी सुरी घ्या आणि डझनभर पाती बरोबर ठेवा, एल्कचे केस धार फार लवकर खातात. दोन हेडलॅम्प घ्या, कारण हे काम बहुतेक वेळा अंधारातच होतं.

हे सगळं करताना एक कायद्याची गोष्ट लक्षात असू द्या: नर की मादी याचा पुरावा एका तुकड्याला नैसर्गिकरीत्या जोडलेला राहिला पाहिजे. टॅगवर सही-तारीख घालून तो जनावर पडल्याबरोबर भरायचा, तंबूत गेल्यावर नाही. खाण्याजोगं मांस रानात टाकून शिंगं तेवढी आणणं हा कोलोरॅडोत गुन्हा आहे. माझा स्वतःचा नियम असा की आधी मांस खाली आणायचं, शिंगं शेवटच्या फेरीत.

आत जायचंच असेल तर दुसरा मार्ग आहे. घोडे किंवा खेचरं घेऊन मांस उतरवून देणारे परवानाधारक व्यावसायिक बहुतेक डोंगराळ गावांत असतात. शिकार झाल्यावर फोन लावून ते मिळत नाहीत. उन्हाळ्यातच बोलणी करा, कुठल्या पायवाटेवर येतील, किती दिवसांत येतील, पैसे किती, हे ठरवून ठेवा. संरक्षित वाइल्डरनेस भागात मोटार तर नाहीच, चाकाची ढकलगाडीसुद्धा चालत नाही.

आता उंची. आपल्या वाचकांना ही कल्पना पटकन यावी म्हणून सांगतो: कळसूबाईचा माथा १६४६ मीटर आणि डेन्व्हर शहर १६०९ मीटर. महाराष्ट्राचं सर्वोच्च शिखर जिथे संपतं तिथे इथलं सपाट शहर आहे, आणि ऑक्टोबरातला एल्क त्याच्याही वर हजार-दीड हजार मीटरवर असतो. ३००० मीटरवर प्रत्येक श्वासात समुद्रसपाटीपेक्षा सुमारे ३० टक्के कमी ऑक्सिजन मिळतो. ह्यूस्टन तर समुद्राला खेटून. सह्याद्रीत वर्षानुवर्षं भटकलेली, राजगड-तोरणा एका दमात करणारी माणसं मी इथे पहिल्या रात्री डोकं धरून बसलेली पाहिली आहेत. दम चांगला असणं आणि उंची मानवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

तेव्हा हंगाम सुरू होण्याच्या किमान तीन दिवस आधी पोहोचा. एक रात्र डेन्व्हरच्या उंचीवर, पुढच्या दोन रात्री अडीच हजार मीटरच्या आसपास. पहिले दोन दिवस दारू नको, पाणी भरपूर, चालणं हलकं. डोकेदुखी, मळमळ, झोप न लागणं हे पहिल्या दिवसांत होतं आणि बहुतेकांचं उतरतं. पण आराम करतानाही धाप लागणं, खोकल्यात फेस येणं, तोल जाणं, बोलण्यात गोंधळ होणं ही लक्षणं दिसली तर सकाळची वाट न पाहता त्याच क्षणी खाली उतरायचं. टॅगचे पैसे, सुट्टी, मित्राचा हिरमोड, यातलं काहीही त्या वेळी मोजायचं नाही. ॲसिटाझोलामाइड नावाचं औषध उंचीसाठी दिलं जातं. ते डॉक्टरांना विचारूनच घ्या, सल्फाची ॲलर्जी असेल तर विशेषतः सांगा.

आणि डॉक्टरकडे जालच तेव्हा हृदयाची तपासणी करून घ्या. हे मी आग्रहाने सांगतो. आपल्या दक्षिण आशियाई लोकांत हृदयविकार लवकरच्या वयात येतो, तुम्ही चाळिशी ओलांडली आहे, आणि इथे वर्षभर खुर्चीत बसलेला माणूस थंडीत, विरळ हवेत, पाठीवर तीस किलो घेऊन चढतो. रानात गोळीपेक्षा हा धोका मोठा आहे.

ह्यूस्टनला चढ नाही ही अडचण खरी आहे, पण उंच इमारती आहेत. पाच-सहा मजली पार्किंगचे जिने घ्या. चार महिने, आठवड्यातून तीनदा, सॅकमध्ये आधी आठ किलो, मग हळूहळू वीस-पंचवीस. चढण्याइतकंच उतरण्याकडे लक्ष द्या. गुडघे ओझं घेऊन उतरतानाच जातात. बूट जूनमध्ये घ्या म्हणजे ऑक्टोबरपर्यंत पायाला बसतील.

अर्जाचं वेळापत्रक आता सांगतो, कारण इथे एक महिना चुकला तर वर्ष जातं. कोलोरॅडोत १९९९ पासून हरणाचे सगळे टॅग सोडतीने मिळतात. अर्ज मार्चमध्ये सुरू होतात आणि एप्रिलच्या सुरुवातीला बंद होतात. त्याआधी अर्जाला पात्र ठरवणारा एक छोटा परवाना घ्यावा लागतो, वसंतातल्या टर्कीचा किंवा लहान शिकारीचा; तो न घेता अर्ज भरताच येत नाही. १ जानेवारी १९४९ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येकाला हंटर एज्युकेशनचं प्रमाणपत्र लागतं. टेक्ससचं तुमच्याकडे असेल तर ते चालतं. पहिली पसंती लागली नाही तर एक प्राधान्य गुण जमा होतो आणि पुढच्या वर्षी उपयोगी पडतो.

रायफलचे चार हंगाम असतात. पहिला ऑक्टोबरच्या मध्याला, पाच दिवसांचा, फक्त एल्कचा. दुसरा ऑक्टोबरच्या अखेरीला आणि तिसरा नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात. या दोन्हींत एल्क आणि हरीण एकत्र मारता येतात. चौथा नोव्हेंबरच्या उत्तरार्धात, छोटा. तुमच्या बेताला दुसरा हंगाम योग्य आहे. नर एल्कचा टॅग दुसऱ्या आणि तिसऱ्या हंगामासाठी पश्चिमेकडच्या बऱ्याच युनिटांत सोडतीशिवाय विकत मिळत आला आहे. तेव्हा क्रम असा: एप्रिलमध्ये हरणाची सोडत भरा, ज्या युनिटात आणि ज्या हंगामात हरीण लागेल त्याच ठिकाणचा एल्कचा टॅग ऑगस्टमध्ये विकत घ्या. नियम दरवर्षी थोडे हलतात, म्हणून कोलोरॅडो पार्क्स अँड वाइल्डलाइफची त्या वर्षीची पुस्तिका समोर ठेवूनच अर्ज भरा. बाहेरच्या राज्यातल्या माणसाला एल्कचा टॅग आठशे डॉलरच्या आणि हरणाचा पाचशेच्या आसपास पडतो, हे घरच्या अंदाजपत्रकात आधीच घाला.

दोन्ही टॅग घेणं चांगलं, पण पहिल्या वर्षी दोन्ही शिकारी डोक्यात ठेवू नका. एल्क मुख्य धरा. एल्क शोधताना चांगला म्यूल डिअर समोर आला आणि त्याचं मांस दोन तासांत गाडीशी पोहोचणार असेल तरच घोडा ओढा. एल्कच्या टॅगवर सरासरी पाचात एकालाही यश येत नाही, आणि हे आकडे अनुभवी लोकांना धरून आहेत. नऊ दिवसांचा हंगाम पूर्ण वापरा. तीन दिवसांची सुट्टी काढून येणारे रिकामे परततात, कारण रान समजायलाच तीन दिवस लागतात.

व्हिसाचं मात्र फार जपून. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याप्रमाणे एच-वन बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाला बंदूक बाळगायला मनाई आहे; कुठल्याही राज्याचा चालू शिकार परवाना जवळ असणं हा त्यातला एक अपवाद आहे. म्हणजे तुमची रायफल कायदेशीर ठरते ती परवान्यामुळे, आणि परवाना संपला त्या दिवसापासून घरात ठेवलेली रायफलही अडचणीची. टेक्ससचा वार्षिक परवाना ३१ ऑगस्टला संपतो. नवा १ सप्टेंबरला, उशीर न करता घ्या आणि प्रवासात दोन्ही राज्यांचे परवाने, पासपोर्ट, व्हिसाची कागदपत्रं जवळ ठेवा. दुसरं: कोलोरॅडोत गांजा राज्याच्या कायद्याने चालतो, केंद्राच्या नाही. गांजा ओढणाऱ्याला बंदूक बाळगायला केंद्रीय कायद्याने बंदी आहे आणि तुमच्या स्थितीत ते ग्रीन कार्डापर्यंत भोवू शकतं. तंबूत तो येऊसुद्धा देऊ नका. शंका असेल तर इमिग्रेशनच्या वकिलाला तासभराची फी देऊन विचारा.

युनिट. मला नव्या माणसासाठी फ्लॅट टॉप्सचा परिसर आवडतो, मीकर गावाच्या पूर्वेला, व्हाइट रिव्हर नॅशनल फॉरेस्टमध्ये. तिथला एल्कचा कळप राज्यातला सगळ्यात मोठा, जमीन बहुतांश सरकारी, आणि गाडीरस्ते चांगल्या उंचीपर्यंत जातात. ट्रॅपर्स लेक सुमारे २९०० मीटरवर आहे आणि तिथपर्यंत गाडी जाते, अर्थात ऑक्टोबरच्या अखेरीला बर्फ पडला तर साखळ्या लागतात आणि कधी रस्ता बंद होतो. शिकारीही तिथे पुष्कळ असतात, ते मान्य करून जा. गर्दी तुमच्या उपयोगाची असते: पहाटे रस्त्याकडून चढणारी माणसं एल्कना उठवतात आणि ते ठरावीक खिंडींतून दाट रानाकडे निसटतात. उजाडायच्या आधी त्या खिंडीवर बसलेला माणूस आठ मैल चालणाऱ्याइतकाच चांगल्या जागी असतो. नकाशावर अशा चार खिंडी शोधून ठेवा, सगळ्या गाडीपासून दोन-अडीच मैलांच्या आत.

खाजगी जमिनीची हद्द तुमची तुम्ही ओळखायची. कोलोरॅडोत मालकाने पाटी लावायलाच हवी असं नाही. परवानगीशिवाय आत पाऊल टाकलं की गुन्हा. फोनवर हद्दी दाखवणारं ॲप घ्या आणि नकाशा आधीच उतरवून ठेवा, वर सिग्नल नसतो. त्याच कारणाने उपग्रहावरून निरोप पाठवणारं यंत्र दोघांपैकी एकाकडे हवंच.

आता जनावर. टेक्ससमधल्या हरणाला तुम्ही चाऱ्याजवळ बसून बोलावत होता. इथे कुणी येत नाही, तुम्हाला शोधावं लागतं, आणि ते डोळ्यांनी करायचं काम आहे, पायांनी नाही. दहा पट मोठं दाखवणारी दुर्बीण तिकाटण्यावर लावा आणि समोरच्या उताराचा एकेक पट्टा सावकाश वाचा. अख्खं जनावर शोधू नका; झाडांच्या उभ्या रेघांत एक आडवी रेघ, पिवळसर ढुंगण, हललेला कान, एवढंच दिसतं. ऑक्टोबरअखेर एल्कचा माजाचा काळ संपलेला असतो. सप्टेंबरातली ती शिट्टीसारखी आरोळी क्वचित ऐकू येते, म्हणून हाका मारण्याच्या शिट्ट्यांवर पैसे घालू नका. थकलेले मोठे नर कळप सोडून उत्तरेकडच्या उतारावरच्या दाट, काळोख्या स्प्रूसच्या रानात एकटे किंवा दोघे-तिघे राहतात, पाणी आणि गवत जवळ असेल अशा ठिकाणी. पहाटे आणि संध्याकाळी अर्धा-पाऊण तास कडेला येतात, बस्स. म्यूल डिअरचा माज नोव्हेंबरच्या मध्याला चढतो, त्यामुळे तुमच्या हंगामात मोठे नर अजून सावध असतात आणि थोडे खाली, आस्पेन आणि ओकच्या झुडपांच्या पट्ट्यात सापडतात. मोठा बर्फ झाला की दोन्ही खाली सरकतात. बर्फ पडून गेल्यानंतरची पहिली स्वच्छ सकाळ तंबूत झोपून घालवू नका.

वाऱ्याबद्दल एक गोष्ट पक्की करा, कारण एल्क डोळ्यांवर शंका घेतो पण नाकावर कधीच नाही. डोंगरात ऊन पडेपर्यंत थंड हवा घळीतून खाली वाहते. उतार तापला की ती फिरते आणि वर चढू लागते. संध्याकाळी सावली पडली की पुन्हा खाली. तेव्हा सकाळी जनावराच्या खालून जा, ऊन चढल्यावर वरून. मधल्या अर्ध्या तासात, हवा फिरत असताना, जागेवर बसून राहा. मी सगळ्यात जास्त एल्क याच अर्ध्या तासात उधळून लावले आहेत. टाल्कम पावडरीची छोटी बाटली खिशात ठेवा आणि दर दहा मिनिटांनी एक फवारा सोडून बघा.

घोडा ओढण्याआधी काय मारतोय ते ओळखा. या युनिटांत नर एल्कला एका शिंगाला चार टोकं किंवा कपाळाजवळचं टोक किमान पाच इंच लांब हवं. टोकं मोजता येत नसतील तर गोळी नाही. शिवाय कोलोरॅडोत १९७८ पासून आणून सोडलेले मूस, म्हणजे हरणकुळातली एल्कहूनही मोठी जनावरं, आता बरेच झाले आहेत आणि दरवर्षी कुणीतरी मूसला एल्क समजून मारतो. मूस जवळजवळ काळा दिसतो आणि नाक लोंबतं. एल्कचं अंग फिकट, मान गडद, ढुंगणावर पिवळसर डाग. अंगावर कमरेच्या वर ५०० चौरस इंच भडक नारिंगी किंवा गुलाबी कपडा आणि डोक्यावर त्याच रंगाची टोपी ही कायद्याची अट आहे. ठिपक्यांचा नारिंगी त्यात धरत नाहीत. सूर्योदयाआधी अर्धा तास ते सूर्यास्तानंतर अर्धा तास, एवढीच वेळ.

तुमची .३०८ एल्कला पुरते, नवी रायफल घेऊ नका. कायद्याची किमान अट .२४ कॅलिबर आणि एल्कसाठी ८५ ग्रेनची गोळी आहे, तुम्ही १६५ ग्रेनची, अंगात फुटून विखरणार नाही अशी, तांब्याची किंवा पक्क्या जोडाची गोळी घ्या. अंतराची मर्यादा स्वतःला घालून घ्या; टेकवून, बसून, धाप लागलेली असताना दहापैकी नऊ गोळ्या जेवणाच्या ताटलीएवढ्या जागेत बसतात तेवढंच तुमचं अंतर. बहुतेकांचं ते अडीचशे यार्डांच्या आत असतं. बाकावरून नेम धरण्याचा सराव बंद करा. वीस जोर काढा, मग सॅकवर रायफल टेकवून गोळी झाडा. कोलोरॅडोत पोहोचल्यावर नेम पुन्हा तपासा, हजार मैलांच्या गाडीप्रवासात दुर्बीण हलते आणि विरळ हवेत गोळी जरा वर लागते.

जनावर आडवं उभं असेल तेव्हाच, पुढच्या पायाच्या लगेच मागे, छातीच्या खालून एक तृतीयांश उंचीवर. एल्क गोळी खाऊनही काही झालं नाही असा चालू लागतो. उभा आहे तोवर दुसरी गोळी घाला. निघून गेला तर घड्याळ लावून अर्धा तास बसा, कुठे उभा होता त्या जागेचा फोटो काढून ठेवा, मग माग काढा. रक्त दिसलं नाही म्हणून चुकलं असं कधीही धरू नका. चरबी आणि दाट केस रक्त अडवतात.

भारतातले नातेवाईक विचारतील, तेव्हा सांगायला म्हणून. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकार बंद आहे आणि आपल्या जंगलांची स्थिती पाहता ते योग्यच आहे. कोलोरॅडोत १९१० च्या सुमारास बेसुमार बाजारू शिकारीने हजाराच्या आसपास, किंवा त्याहूनही कमी, एल्क उरले होते. मग यलोस्टोन आणि वायोमिंगकडून जनावरं आणून सोडली, शिकारीला टॅगची मर्यादा घातली. १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने बंदुका आणि काडतुसांवरचा केंद्रीय कर वन्यजीवांच्या कामाकडे वळवला. आज राज्यात अडीच लाखांहून जास्त एल्क आहेत, जगातल्या कुठल्याही राज्यापेक्षा अधिक. तुमच्या टॅगचे पैसे त्याच कामात जातात. मला यात समाधान वाटतं, आणि म्हणूनच मांस वाया गेलं की इतकं लागतं.

तंबूतल्या जेवणाचं थोडक्यात. ३००० मीटरवर पाणी ९० अंशांच्या आसपासच उकळतं, डाळ तास तास शिजत नाही. गाडीजवळ तळ असेल तर तीन लिटरचा कुकर आणाच. खिचडी, भरपूर तूप, लसणाची चटणी यावर मी नऊ नऊ दिवस काढले आहेत. अंगात सुती काही नको, बनियनसुद्धा लोकरीचं. उणे दहाला पुरणारी झोपायची पिशवी.

शेवटचं काम घरी परतताना. एल्क आणि हरणांत क्रॉनिक वेस्टिंग डिसीज नावाचा मेंदूचा रोग आहे. तो पहिल्यांदा १९६७ मध्ये कोलोरॅडोतच, फोर्ट कॉलिन्सच्या संशोधन केंद्रातल्या हरणांत दिसला. माणसाला झाल्याची नोंद नाही, पण रोगी जनावराचं मांस खाऊ नये असा सरकारी आरोग्य खात्याचा सल्ला आहे, आणि शिजवून तो जात नाही. म्यूल डिअरच्या नरांत तो जास्त सापडतो. डोकं तपासणीला द्या. काही युनिटांत ते सक्तीचंही असतं. मेंदू आणि कणा राज्याबाहेर नेऊ नका, टेक्सससह अनेक राज्यांत त्यावर निर्बंध आहेत. हाडं काढलेलं मांस आणि स्वच्छ केलेल्या कवटीच्या तुकड्यासह शिंगं, एवढंच गाडीत. घरी पाकिटं करताना एल्कचं आणि हरणाचं, तुमचं आणि मित्राचं, वेगवेगळं बांधा आणि प्रत्येकावर टॅगचा क्रमांक लिहा. खिमा करून देणाऱ्या दुकानात दिलंत तर इतरांच्या मांसात मिसळणार नाही हे आधी विचारून घ्या. अहवाल यायला काही आठवडे लागतात, तोवर फ्रीजर बंदच. कुठला अहवाल वाईट आला तर तेवढीच पाकिटं काढून टाकता येतील.